पॅलिओ आहार: डाळ-धान्याला दोषी ठरवण्याआधी

पॅलिओ आहाराचा, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाण्याचा, एक मेसेज सतत फॉरवर्ड होत असतो. त्यातला दावा थोडक्यात असा: शेती सुरू होऊन जेमतेम दहा हजार वर्षं झाली, एवढ्यात जनुकं बदलत नाहीत, त्यामुळे आपलं शरीर अजून अश्मयुगातलंच आहे. म्हणून धान्यं, डाळी आणि दूध बंद करा, मधुमेह आणि हृदयविकार जवळ फिरकणार नाहीत. हे वाचून माणसं खरोखरच डाळ खाणं सोडतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

'अश्मयुगात माणूस धान्य खात नव्हता.' खात होता. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराचं पाणी १९८९ मध्ये खूप खाली गेलं आणि ओहालो ही सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तिथल्या एका झोपडीत दाणे वाटायचा दगड मिळाला. त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक खाचांत रानटी सातूसारख्या गवतांच्या पिठाचे कण अजून अडकलेले होते. शेतीच्या कितीतरी हजार वर्षं आधी तिथे कुणीतरी बसून दाणे वाटले होते! निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीच्या दातांवरच्या किटणातसुद्धा शिजलेल्या धान्याचे अंश सापडले आहेत. मुळात 'अश्मयुगीन आहार' असा एकच आहार कधी नव्हता. आजच्या शिकारी समाजांकडे पाहिलं तरी ते कळतं. आर्क्टिकमधली माणसं मासे आणि सील यांवर जगत आली, तर टांझानियातले हाद्झा लोक शिकारीबरोबरच कंद, बोरं आणि भरपूर मध खातात.

'दहा हजार वर्षांत जनुकं बदलत नाहीत.' याला दुधाइतकं स्पष्ट उत्तर दुसरं नाही. लहानपण सरलं की दुधातली साखर पचवण्याची ताकद जगातल्या बहुतेकांत कमी होते. पण गुरं पाळणाऱ्या समाजांत ती मोठेपणीही टिकवणारे जनुकीय बदल पसरले. युरोपात एक, पूर्व आफ्रिकेत वेगळे, आणि हे सगळं शेती-पशुपालन सुरू झाल्यानंतर. तेव्हा दूध सगळ्यांना अपायकारक हे जसं खोटं, तसंच ते सगळ्यांनी प्यायलाच हवं हेही. ज्याला पचतं त्याने खुशाल प्यावं.

'डाळी आणि कडधान्यांत विषारी लेक्टिन असतं.' लेक्टिन हे एक प्रकारचं प्रथिन. कच्च्या राजम्यात ते असतं, आणि मोजके कच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून तर राजमा भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळतात. तसा उकळला की हे लेक्टिन निकामी होतं. कच्चा राजमा खातं कोण?

'आदिमानवाला हृदयविकार नव्हता.' २०१३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये १३७ प्राचीन ममींच्या सीटी स्कॅनचा अभ्यास आला. सुमारे एक तृतीयांश ममींच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याच्या खुणा दिसल्या. त्यांत अल्युशियन बेटांवरचे शिकारी लोकही होते, ज्यांनी शेती केलीच नव्हती.

मग या आहाराने लोकांना बरं वाटतं ते खोटं का? मुळीच नाही. साखर, मैदा, कोल्ड्रिंक आणि पाकिटातलं खाणं सुटतं, भाज्या, फळं, मासे आणि सुकामेवा वाढतो, वजन उतरणारच. माझा आक्षेप इतकाच, की मैदा आणि साखर सोडल्याचं श्रेय डाळ सोडण्याला दिलं जातं. स्वीडनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांवर दोन वर्षांची चाचणी झाली. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी नेहमीचा आरोग्यदायी आहार घेणाऱ्या गटापेक्षा जास्त घटली होती. दोन वर्षांनी हा फरक उरला नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, मात्र पॅलिओ गटात तेव्हाही कमी होती, हेही सांगायलाच हवं. त्याच चाचणीत या गटात आयोडीनची कमतरता दिसली. मेसेजमध्ये हे कुणी लिहीत नाही. दूध गेलं की कॅल्शियम कमी पडू शकतं, त्याचाही उल्लेख नसतो.

ज्यांना सीलिअॅक आजार आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेनने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांनी गहू, सातू आणि राय टाळलीच पाहिजेत, तिथे वादच नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मांस एकदम वाढवू नये. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर मेसेज वाचून धान्य बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस तोच राहिला आणि पिष्टमय पदार्थ एकदम सुटले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.