आराखडा छापून येण्याआधी पोरं पाठवा

प्लॅनिंगच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नगरपालिकेसोबत केलेल्या प्रकल्पांचे फोटो सध्या फेसबुकवर जोरात आहेत. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बुके, हातात स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल, मागे पडद्यावर नाल्याकाठचा सायकल ट्रॅक. त्या चित्रात हिरवळ असते आणि बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेली एक मुलगी हमखास असते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी दोनला त्या बाकावर कुणीतरी बसून दाखवावं.

पोरांची चेष्टा करत नाहीये. मी बांधकाम परवानगीची कामं करतो, नगररचना विभागाचा उंबरा रोजचा. तिथं माणसं किती कमी आहेत ते पाहतो. साहेब असतात, पण त्यांच्याकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त कार्यभार. अशा ठिकाणी शिकलेली, गल्लीबोळ पायी फिरायला तयार असलेली वीस-पंचवीस पोरं फुकटात मिळतात आणि आपण त्यांना सायकल ट्रॅक काढायला बसवतो!

माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांना विकास आराखड्याच्या, म्हणजे शहरात कुठं रस्ता, कुठं बगीचा, कुठं बाजार हे ठरवणाऱ्या नकाशाच्या, आधी बोलवा.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराचा आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग कलम २५ खाली आज कोणती जमीन कशासाठी वापरात आहे याचा नकाशा तयार होतो, ऑफिसात सगळे त्याला ईएलयू म्हणतात. त्यावरून प्रारूप आराखडा, म्हणजे मसुदा. तो प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस, नंतर सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. लोक जागे होतात ते त्या ३० दिवसांत. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी, वकिलांकडे गर्दी, "माझ्या प्लॉटवर बगीचा टाकला हो" म्हणून आमच्याकडेही गर्दी. पण डाव ईएलयूतच लागून गेलेला असतो. त्या नकाशावर जे आलं नाही, त्याला पुढे कुणी विचारत नाही.

एका गावचं सांगतो, नाव मुद्दाम घेत नाही. तिथं गावाबाहेरच्या मैदानावर मंगळवारचा बाजार भरतो. शेळ्या, भाजी, बांगड्या, कासरे, दावी आणि लाल मिरचीचे हे ढीग. नकाशासाठी वरून फोटो घेतले गेले ते दुसऱ्याच कुठल्या तरी वारी. मैदान रिकामं दिसलं, नोंद झाली 'मोकळी जागा', आणि प्रारूप आराखड्यात त्यावर पार्किंगसह व्यापारी संकुलाचं आरक्षण पडलं, म्हणजे जागा त्यासाठी राखून ठेवली गेली. जागेवर न जाता काम केलं की असंच होणार.

पुढे एका कॉलेजची पोरं आली आणि त्यांनी नेमका तोच बाजार अभ्यासाला घेतला. एक मुलगी टेप लावून पथाऱ्यांची मापं घेत होती. मिरचीवाल्या मावशींनी हटकलं, "मोजती कशाला गं? उठवायलेत का आम्हाला?"

"नाही मावशी, तुम्ही इथं बसता हे कागदावर यावं म्हणून."

"कागदावर तर दर मंगळवारी यायलंय की," म्हणत मावशींनी पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढला. तहबाजारीच्या पावत्या! नगरपालिकेच्या शिक्क्याच्या, तारीखवार. म्हणजे ज्या जागेचं भाडं पालिका दर आठवड्याला वसूल करत होती, तीच जागा पालिकेच्या नकाशात रिकामी.

पोरांनी त्या पावत्यांचे फोटो अहवालात लावले. पुरावा याहून पक्का काय असतो? पण अहवाल सादर झाला सेमिस्टरच्या शेवटी आणि तोवर हरकतींची मुदत उलटून गेली होती. अहवाल कपाटात, मुलांना मार्क चांगले.

अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठाने २००९ मध्ये एक उपक्रम सुरू केला. वर्षभरासाठी एकच शहर घ्यायचं, पहिलं ग्रेशम होतं, पुढच्या वर्षी सेलम. प्रश्न शहराने द्यायचे, विद्यापीठातल्या वेगवेगळ्या विषयांच्या वर्गांनी त्यावर काम करायचं आणि खर्चाचा वाटा शहराने उचलायचा. आपल्याकडे विषय ठरतो पुण्यात, भेट दोन दिवसांची आणि शहर फोटोपुरतं. खरं तर नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, उन्नत महाराष्ट्र अभियानातून इंजिनिअरिंग कॉलेजांना स्थानिक प्रश्नांशी जोडायचा प्रयत्नही झालेला आहे. चौकट तयार आहे, वेळ जुळवायची राहिली आहे.

पूर्वी असल्या गोष्टी नगरसेवक तरी ओरडून सांगायचा. भले स्वतःच्या मतांसाठी. पण छत्रपती संभाजीनगरात महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. मराठवाड्यातल्या इतर शहरांतही फार वेगळं नव्हतं. वॉर्डाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस सभागृहातच नसेल, तर ती पायी फिरूनच गोळा करावी लागते. कोणत्या गल्लीत पाणी रात्री दोनला येतं, शेवटच्या घरापर्यंत ते चढतं की नाही, हे कुठल्या ड्रोनला दिसणार? ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनला माहीत असतं, नाहीतर निळे ड्रम भरत बसलेल्या बाईला.

अधिकारी म्हणतात, विद्यार्थ्यांची माहिती अधिकृत नसते. मान्य. पण आयत्या नोंदी जागेवर जाऊन तपासणं हे शून्यातून नोंदी करण्यापेक्षा सोपं आहे, आणि सही तुमचीच राहणार आहे. दुसरी भीती मात्र खरी आहे. आराखड्याआधीचा कच्चा नकाशा बाहेर फुटला तर आमच्याच धंद्यातले काही जण रातोरात जमिनींचे इसार करून मोकळे होतील. त्यामुळे मुलांनी आहे ते टिपावं, पुढचे रस्ते आणि आरक्षणं त्यांच्या हाती देऊ नयेत.

प्लॅनिंग शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना विनंती आहे. विषय ठरवण्याआधी त्या शहराचा आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. इरादा जाहीर झाला असेल तर त्याच सेमिस्टरला या, आठवडी बाजाराच्या दिवशी या. आणि प्रारूप आधीच प्रसिद्ध झालं असेल, तर अहवालाची वाट न पाहता मापं आणि पावत्या जोडून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत टाका. अर्ज मावशींच्या नावाने, दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.