बेताच्या पगारातला रुबाब

श्रीमंत माणसाच्या कपड्यांची काळजी दुकानदार वाहतो आणि गरिबाने काय घातले आहे याची कोणीच चौकशी करत नाही. मधल्या माणसाला मात्र स्वतःच्या कपड्यांची काळजी स्वतःच वाहावी लागते, आणि हा मधला माणूस डोंबिवलीत राहून रोज फोर्टातल्या कचेरीत जाणारा असला तर ती काळजी त्याला लोकलच्या गर्दीतून दोन्ही हात वर करून वाहावी लागते. अशा परिस्थितीत मी असा निश्चय केला की यापुढे कपडे मोजकेच घ्यायचे, पण उत्तम प्रतीचे घ्यायचे, आणि तेही घराच्या हप्त्याला धक्का न लावता.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1985 साली न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन या बाईंनी नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी आपसांत अदलाबदल करता येतील अशा सात कपड्यांचा संच बाजारात आणला होता, आणि आज मोबाइलवर दिसणारे सल्लागार थोड्याफार फरकाने तेच गणित पुरुषांनाही शिकवतात. त्यांच्या याद्यांमध्ये गडद निळा ब्लेझर, लोकरीची पँट, काश्मिरी लोकरीचा स्वेटर आणि उंटाच्या रंगाचा ओव्हरकोट या गोष्टी न चुकता असतात. डोंबिवलीत स्वेटर कपाटातून बाहेर येतो तो बहुधा वास जावा म्हणून उन्हात टाकण्यासाठी. त्यामुळे ओव्हरकोट मी यादीतून खोडला, आणि नम्रपणे नमूद करतो की या संपूर्ण मोहिमेत एवढी मोठी बचत मला पुन्हा कधीही करता आली नाही.

उरलेल्या यादीतला पहिला पदार्थ पांढरा सुती शर्ट हा होता. मॉलमधल्या दुकानात तो 2999 रुपयांना मिळत होता, आणि त्याच्या कॉलरचा कागदी कडकपणा पाहता त्यातले बरेचसे पैसे दिव्यांना आणि वातानुकूलनाला गेले असावेत. शिवाय सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यापुढच्या कपड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे माणसाने किती रुपयांपर्यंत नीटनेटके दिसावे याची मर्यादा सरकारनेच आखून दिलेली आहे. मी कायदा पाळणारा नागरिक असल्यामुळे कापड घेऊन शर्ट शिवून घ्यायचे ठरवले.

चांगल्या कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटला जावे लागते. ते रविवारी बंद असते, त्यामुळे नोकरदाराला जेवणाच्या सुटीत डबा पोटात ढकलून तिकडे धावावे लागते. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले असतात आणि गादीवर बसलेला प्रत्येक दुकानदार आपल्याला शेठ म्हणतो, ज्यामुळे घासाघीस करण्याचा नैतिक अधिकार जातो. तिथे पहिले शिक्षण पन्ह्याचे, म्हणजे कापडाच्या रुंदीचे, होते. 36 इंची पन्ह्याचे कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण सव्वादोन मीटर लागते आणि 58 इंचीचे 1.60 मीटर पुरते, ही गोष्ट ज्याला माहीत नाही तो स्वस्त भाव ऐकून खूश होतो आणि जवळजवळ दीडपट कापड घेऊन घरी येतो. साडेतीनशे रुपये मीटरने 560 रुपयांचे बारीक रेघेचे पांढरे कापड आणि साडेचारशे शिलाई, म्हणजे हजार-अकराशेत मॉलपेक्षा सरस शर्ट, असा हिशेब मी परतताना मनातल्या मनात इतक्या वेळा केला की बिस्कीट रंगाच्या पँटपीसचे पैसे द्यायचे राहिले, आणि मला शेठ म्हणणाऱ्या गृहस्थांनी मला तिसऱ्या गल्लीत गाठले.

कापड शंभर टक्के सुती आहे की नाही हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नसतो, कारण तो आईची शपथ घेतो. खरी परीक्षा अग्नीची. काठाचा एक दोरा ओढून जाळला की सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टरचा दोरा ज्योतीपासून अंग चोरतो, वितळतो आणि त्याच्या टोकाला कडक काळा मणी तयार होतो. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. हा प्रयोग हजारो ताग्यांच्या मधोमध काडी ओढून करणे इष्ट नसल्यामुळे मी नमुन्याचे दोरे रिकाम्या काडेपेटीत भरून घरी आणले आणि स्वयंपाकघरात गॅससमोर चिमट्याने एकेक दोरा धरू लागलो. ‘प्युअर कॉटन’ म्हणून मिळालेल्या दोऱ्याचा टपोरा मणी झाला. लोकरीच्या दोऱ्याच्या वेळी आई आतून येऊन माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाली, “आहेत तेवढे तरी राहू देत.”

यानंतर शिंपी. आमचे मास्तर स्टेशनच्या पूर्वेला पायऱ्यांखालच्या गाळ्यात बसतात, आणि माप घेताना ते आकडे आपल्याला न सांगता आतल्या कारागिराला ओरडून सांगतात, ज्यामुळे माझ्या पोटाचा घेर त्या वेळी पायऱ्या उतरणाऱ्या कल्याणपर्यंतच्या सर्व प्रवाशांना कळतो. मी त्यांना सविस्तर समजावले की खांद्याची शिलाई हाडावर यावी, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, वर असावा, बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी, कॉलरला कडक करणारे बकरम चिकटवायचे न वापरता शिवून घ्यायचे वापरावे आणि कापड आधी भिजवून आटवून घ्यावे. मास्तरांनी खडू कानावर ठेवून सगळे ऐकून घेतले.

“साहेब, पोटाला दोन इंच जास्त ठेवतो.”

“मास्तर, मला अंगाबरोबर बसणारा शर्ट हवा आहे.”

“आज बसेल हो. दिवाळीनंतर दुवा द्याल.”

मास्तरांचा माझ्या पोटावरचा विश्वास माझ्या निश्चयावरच्या विश्वासापेक्षा कायम मोठा राहिला आहे. पावतीला माझ्या कापडाचा बोटभर तुकडा टाचून त्यांनी ‘मंगळवारी या’ असे सांगितले. कोणत्या मंगळवारी, हे सांगण्याची पद्धत या धंद्यात नाही. प्रत्येक मंगळवारी शर्ट ‘फक्त काजं-बटणाला गेलेला’ असे. अखेर तो आला तेव्हा खांदा हाडावर होता, कॉलर सुरेख होती, छातीवरच्या खिशाची बारीक रेघ अंगाच्या रेघेला तंतोतंत जुळलेली होती, आणि पोटाला दोन इंच जास्त होते. रेघ जुळलेली पाहून मी त्यांना दोन इंच माफ केले, कारण मॉलमधल्या शर्टावर ती रेघ जुळवायला कोणी बसत नाही.

यश मिळाल्यावर मी त्याच मापाचे फिकट निळे आणि पांढरे शर्ट हळूहळू वाढवले, सोबत एक करडी आणि एक गडद निळी पँट घेतली. एका उन्हाळ्यात लिननही करून पाहिले. लिननच्या धाग्याला ताण सोसून परत येण्याची सवय नसते, त्यामुळे एकदा पडलेली चुणी तो सोडत नाही. डोंबिवलीहून जलद लोकलमध्ये चढलेला तो शर्ट दादरला उतरला तेव्हा त्यावर माझ्या मागे, पुढे आणि डावीकडे उभ्या असलेल्या सहप्रवाशांचे स्पष्ट ठसे होते. तो आता शनिवारी, घरापासून वाण्यापर्यंत, रुबाबात जातो. पावसाळ्यातले बुरशीचे जोडे आणि न वाळणारे पायमोजे यांबद्दल न बोललेलेच बरे.

एकमेकांशी जुळणारे मोजके रंग असले की पेहराव भारदस्त दिसतो, असे सर्व सल्लागार सांगतात. कचेरीत मात्र दोन महिन्यांनी शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “घरचं सगळं ठीक आहे ना? रोज एकच शर्ट दिसतोय.” त्यांना टाके दाखवायला मी बाही उलटी केली, तेव्हा त्यांनी ती हळुवारपणे पुन्हा सुलटी केली.

घरात मी वापरामागच्या खर्चाचे तत्त्व मांडले. चोवीसशे रुपयांचे चामड्याचे जोडे दीडशे वेळा घातले तर एका वेळेचा खर्च 16 रुपये पडतो, म्हणून ते महाग नाहीत, असे मी सिद्ध केले. पत्नीने शांतपणे भाजी निवडता निवडता तोच भागाकार येवल्याहून घेतलेल्या तिच्या पैठणीला लावला. पंधरा हजारांची पैठणी आजवर पाच लग्नांत नेसलेली असल्याने दर वेळचा खर्च 3 हजार निघाला. “मग अहो, उद्यापासून मंडईत पैठणी नेसूनच जाते, म्हणजे ती स्वस्त होईल,” असे ती म्हणाली, आणि ते तत्त्व मी तिथेच मागे घेतले.

एवढे करून कपाटात जी शिस्त आली होती, तिला गेल्या मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नात तडा गेला. आहेरात मला शर्टपीस-पँटपीसचा जोड मिळाला, झगमगीत खोक्यातला, चिकूच्या रंगाचा, त्यावर जांभळट चौकडा. एक दोरा मी रात्री गॅसवर धरला आणि त्याचा असा मणी झाला की तो ओवता आला असता. हा आहेर दुसऱ्या कोणाला पुढे देऊन टाकावा असे मी सुचवले, पण आईने ते खोडून काढले, कारण मामा गणपतीला आमच्याकडे येतात आणि आल्याबरोबर पाणी घेण्याच्या आधी विचारतात, “अरे, कपडा शिवलास की नाही?” मास्तरांना दाखवला तेव्हा त्यांनी तो प्रथमच आदराने हातात घेतला, उजेडाला धरला आणि म्हणाले, “साहेब, हे खरं कापड. हे मंगळवारी नक्की देतो.”

आणि त्यांनी ते मंगळवारी दिले.