रडवणारी कांडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई,

आपण प्रतिक्रियेखाली नावाऐवजी ‘तीस वर्षे मुलांची नाट्यशिबिरे घेणारी शिक्षिका’ एवढेच लिहिले आहे, म्हणून बाई म्हणतो. लहानपणी शिबिरात आम्ही हेच म्हणत असू. मुलांच्या नाट्यशिबिरावरच्या ‘थिएटर कॅम्प’ या २०२३ सालच्या अमेरिकी विनोदी चित्रपटावर मी जे लिहिले, त्याने आपण दुखावल्या आहात. तुटपुंज्या मानधनात मुलांना रंगमंचावर उभे करणाऱ्यांची टिंगल मी डोक्यावर घेतली, आतून आलेल्या भावनेशिवाय अभिनय म्हणजे नुसती नक्कल असते हे मी विसरलो, चित्रपटाच्या शेवटी प्रयोग रंगतो म्हणजे त्या शिक्षकांचे बरोबरच होते हेही माझ्या लक्षात आले नाही, आणि वर या सगळ्याला ‘अ‍ॅब्सर्ड’ म्हणून मी त्या शब्दाची माती केली, असे आपले म्हणणे आहे.

शेवटचा आक्षेप आधीच मान्य करून टाकतो. जगण्यातली निरर्थकता मांडणाऱ्या बेकेटच्या नाटकांसाठी जो शब्द आपण वापरतो, तो खोट्या माहितीपटाच्या धाटणीतल्या या विनोदी चित्रपटाला लावणे ही माझी ढिलाई होती. मला म्हणायचे होते ते इतकेच की यातली माणसे पराकोटीच्या गांभीर्याने वागतात आणि त्या गांभीर्यामुळेच सगळे हास्यास्पद होते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका उन्हाळी शिबिराच्या संस्थापिका जोन, मुलांचा प्रयोग पाहताना लुकलुकत्या दिव्यांमुळे झटका येऊन बेशुद्धावस्थेत जातात; आणि त्या अजून रुग्णालयात असतानाच एमॉस आणि रिबेका-डायान हे दोन शिक्षक त्यांच्या आयुष्यावर संगीत नाटक बसवायला घेतात. कोणी हसत नाही, कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. तालमीचे वेळापत्रक तेवढे लागते.

टिंगलीबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. हे दोन शिक्षक साकारणारे बेन प्लॅट आणि मॉली गॉर्डन हे लहानपणापासूनचे मित्र असून मुलांच्या नाटकांतूनच वाढले आहेत, आणि निक लीबरमन यांच्याबरोबर दिग्दर्शनही गॉर्डन यांनीच केले आहे. ही घरातल्या माणसाने घरच्यांची काढलेली खोडी आहे. ती मुलांची नाही आणि नाटकाचीही नाही, हे एका प्रसंगावरून दाखवता येईल.

तालमीत एक मुलगी रडते, आणि सुंदर रडते. मग शिक्षकांच्या लक्षात येते की तिने डोळ्यांखाली पाणी आणणारी मेन्थॉलची कांडी फिरवली आहे. दोघेही हादरतात. उत्तेजक द्रव्य घेऊन पकडल्या गेलेल्या खेळाडूला झापावे तसे ते तिला झापतात. उत्तेजकांमुळे विजेतेपदे गमावलेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचा थेट दाखला निघतो. आपल्याकडे ग्लिसरीनची बाटली मेकअपच्या पेटीत कंगव्याइतक्याच सहजतेने पडलेली असते, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला यात दुप्पट हसू येते. पण माझ्या मते चित्रपटाचा खरा नेम इथेच लागतो. मुलीचे रडणे प्रेक्षकापर्यंत पोहोचले की नाही, ही बाब शिक्षकांच्या लेखी गौण आहे. ते आले कुठून, यावर त्यांना हक्क हवा आहे.

हा हक्क मी अकराव्या वर्षी अनुभवला आहे. शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर आम्हाला डोळे मिटून झोपवले होते, आणि डोक्याशी उभे असलेले सर सांगत होते, ‘घरातले कोणी गेलेले आठवा.’ माझे आजोबा चार महिन्यांपूर्वी गेले होते. मी हमसून रडलो आणि सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांना आठवूनही मला रडू येईना, तेव्हा ‘आज आतून येत नाहीये’ असे ऐकावे लागले. चाल चुकली, शब्द खाल्ला, पाठ प्रेक्षकांकडे झाली, तर ती चूक चारचौघांना दिसते आणि सुधारताही येते. पण ‘आतून येत नाहीये’ याला मुलाने काय उत्तर द्यावे? त्या वर्षी मला आजोबांचा राग आला होता, हे आज लिहितानाही ओशाळल्यासारखे वाटते.

भावनास्मृतीचा, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातली भावना आठवून ती भूमिकेत आणण्याचा, पुरस्कार करताना आपण रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचे नाव घेतले आहे. न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटर या नाटक कंपनीत दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग याच तंत्रावर भर देत होते. पण त्याच कंपनीतल्या अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर १९३४ साली पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटून आल्या आणि त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले, की ते आता पात्राची परिस्थिती आणि त्याची कृती यांवर भर देतात, नटाच्या खाजगी जखमांवर नव्हे. म्हणजे आपला आणि माझा हा वाद बराच जुना आहे, आणि त्यात मूळ गुरू निर्विवादपणे आपल्या बाजूला नाहीत.

बालगंधर्वांचा आपण दिलेला दाखला तर मला उलट्या बाजूने बोलतो असे वाटते. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, हे आपण ‘भावनेची ताकद’ म्हणून सांगता. पण ते उभे राहिले भामिनी म्हणून, एका मानी, लाडिक आणि प्रेमात पडणाऱ्या तरुणीच्या भूमिकेत. तिथे त्या दुःखाचा उपयोग कुठे होता? ते त्यांनी विंगेत ठेवले होते.

आता शेवटाबद्दल. चित्रपट अखेरीस मवाळ होतो, हे आपले निरीक्षण खरे आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवे होते. प्रयोग रंगला की शिक्षकांचा हिशेब कोणी मागत नाही; आपल्याकडेही गॅदरिंगच्या रात्री असेच होते. मात्र तो प्रयोग वाचवतो कोण, हे पुन्हा पाहावे अशी विनंती करतो. आयत्या वेळी जोनची भूमिका करायला उभा राहतो तो ग्लेन, म्हणजे तांत्रिक बाजू सांभाळणारा आणि सगळ्यांची कामे निमूटपणे ओढणारा तरुण. प्रत्येक मुलाच्या अंतरंगात डोकावणाऱ्या त्या दोघांना हा नट रोज समोर वावरत असूनही दिसलेला नसतो. हे शिक्षकांच्या बाजूचे प्रमाणपत्र आहे असे मला वाटत नाही.

लेखातला ‘अ‍ॅब्सर्ड’ हा शब्द आज काढला आहे आणि शेवटाविषयी दोन ओळी वाढवल्या आहेत. कांडीचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.