लाल चौकटीतला गडी

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडताना मी सगळ्यात सोपा शोधला. २०१० साली अँड्र्यू एलियट आणि मंडळींनी दाखवून दिलं होतं, की पुरुषाच्या फोटोमागे लाल रंग असला किंवा त्याच्या अंगात लाल कपडे असले, की बायकांना तो जास्त आकर्षक वाटतो. एक फोटो, दोन रंग, १ ते ९ गुण. तोच प्रयोग पुन्हा करायचा. म्हटलं, चार दिवसांत उरकू.

घोडं अडलं लाल रंगावर. लाल आणि राखाडी सारखेच उजळ हवेत, नाहीतर परिणाम रंगाचा की उजेडाचा, हे कसं ठरवणार? स्क्रीनवर आकडे चोख जुळवले. प्रिंटरने ते जुमानले नाहीत. पहिला लाल विटकरी आला, दुसरा थेट राणी. तिसऱ्या खेपेला चौकट हवी तशी उतरली, पण आतला गडीही लालबुंद, आत्ताच कोणीतरी कानाखाली काढल्यासारखा. मग शाई संपली.

कोणाला कुठला रंग मिळतोय हे मलाही कळता कामा नये, म्हणून फोटो पाकिटात. पाकीट इतकं पातळ, की लाल रंग बाहेरूनच दिसे आणि मी डोळे मिटून ते पुढे करी. मुली आधी माझ्याकडेच संशयाने बघत.

शेवटी विचारायचं असतं, 'हा प्रयोग कशाबद्दल होता असं वाटतं?' एकीने लिहिलं, 'मिशीबद्दल.' दुसरीने, 'तुमचं याच्याशी जमतंय का?' रंगाचं नाव कोणी काढलं नाही, तेवढंच समाधान.

निकाल? लाल आणि राखाडी हातात हात घालून बसलेले. रात्रभर आकडे उलटेपालटे केले. मग कळलं, २०१९ साली अशाच ९ विद्यार्थी-प्रकल्पांतल्या ६४० बायकांचे आकडे एकत्र करून झालेत, आणि तिथेही लाल रंगाची जादू काही दिसली नव्हती. मला कोण बरं वाटलं! म्हणजे चूक माझी नव्हती.

तेवढ्यात मार्गदर्शक बाईंची नजर माझ्या लालभडक कुडत्यावर गेली.

"प्रयोगाला हाच घालून बसायचीस?"

"रोज नाही हो बाई. एक दिवस आड."