पिक्चर ९८ मिनिटांचा

आमच्या गावच्या घराला बारा दारं आहेत आणि त्यातलं एकही बंद होत नाही. कड्या आहेत, नाहीत असं नाही. पण दिवसाउजेडी कोणी कडी लावली की बाहेरून आवाज येतो, "पोट बिघडला काय रे?" आणि पाठोपाठ ओव्याचा डबा. अशा घरात, मे महिन्यात, एकोणीस माणसांच्या गर्दीत मी 'कार्नल नॉलेज' बघायला घेतला. मालवण तालुक्यात आजवर एवढा अविचार कोणी केला नसेल.

पिक्चर अमेरिकी, १९७१ सालचा, आणि नावाचा अर्थच शरीरसंबंध. दिग्दर्शक माईक निकोल्स. पटकथा ज्यूल्स फायफर या व्यंगचित्रकाराची, मुळात नाटक म्हणून लिहिलेली. जॅक निकल्सन आणि आर्ट गारफंकल हे दोन कॉलेजमित्र, जोनाथन आणि सँडी. पोरींबद्दल बोलायला सुरुवात करतात ते विशीत, आणि चाळिशी आली तरी तेच बोलत असतात. मधल्या काळात बायका येतात, जातात, रडतात, पण यांची बडबड काही थांबत नाही. मित्रानं पेनड्राइव्ह देताना बजावलं होतं, "एकटा बघ." एकटा! कोकणात माणूस एकटा असतो तो फक्त माडावर चढल्यावर, आणि तेव्हाही खालून चारजण सूचना देत असतात.

पहिल्या दिवशी दुपारी, सगळे जेवून कलंडल्यावर, माजघराच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. आता या पिक्चरची सुरुवातच अशी आहे की पडदा काळा, त्यावर नावं, आणि नुसते दोन पोरांचे आवाज. काकी परातभर रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, घेऊन फोडायला बसायच्या तयारीत होती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"लाईट गेली काय रे?"

"नाय गो काकी. पिक्चरच तसो असा."

"मगे उजेड कदी येतलो?"

"येतलो. आता ते बोलतत."

"कोणाबद्दल?"

"चेडवाबद्दल."

"ती खय असा?"

"अजून येवक नाय."

"येवक नाय, तर बोलतत कित्याक?" असं म्हणून काकीनं परात माझ्या शेजारीच ठेवली आणि फतकल मारून बसली.

ते दोघे काळोखात नेमकं काय बोलत असतात? आपण पोरीवर प्रेम करावं, की तिनं आपल्यावर करावं, यातलं काय बरं. प्रश्न मोठा आहे, पण काकीला इंग्रजी येत नाही, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. या पिक्चरमधले संवाद मालवणीत सांगायचे, तेही जिनं आपल्याला लहानपणी विहिरीवर नागडं आंघोळ घातली तिला. जोनाथन दोन मिनिटं तावातावानं काहीतरी बोलला. मी म्हटलं, "तो म्हणता, तेका बरा वाटत नाय." काकीनं रतांब्याची साल वेगळी केली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "येवढा बोललो तो, नि येवढाच?"

बाराव्या मिनिटाला लाईट खरंच गेली. लॅपटॉपची बॅटरी चार वर्षांपूर्वीच वारली आहे. पहिला दिवस संपला.

पुढचे दिवस कसे गेले ते विस्तारानं सांगत नाही. एकदा आंब्याची साठं वाळत घालायला खळ्यात बोलावलं, एकदा वळवाच्या पहिल्या सरीला ती साठं उचलायला बोलावलं, एकदा पुतण्यानं कार्टून लावलं. पण मी नसताना काकीनं काही बघितलं नाही. "कुठवर इलो तुझो जोनाथन?" असं मात्र रोज चुलीपाशी विचारायची, एखाद्या पुतण्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसं.

यात एक शॉट आहे. कँडिस बर्गन दोघांच्या मध्ये बसून हसते आहे. दोघे मित्र बाजूनं बोलतायत, पण ते दिसत नाहीत. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. ती हसते, हसते, हसतच राहते. दोघांशीही तिचं जमलेलं आहे आणि एकाला ते ठाऊक नाही. मी हे काहीच सांगितलं नव्हतं. काकी हात थांबवून बघत राहिली आणि म्हणाली, "हसता खरी. पण हिचा लक्ष दाराकडे असा." समीक्षा वाचून आलेल्या माणसाला असं काही ऐकलं की आपली समीक्षा परत करावीशी वाटते.

सहाव्या रात्री तो भांडणाचा प्रसंग आला. जोनाथनसोबत राहणारी बॉबी, म्हणजे ॲन-मार्गरेट, दिवसभर अंथरुणात पडलेली. लग्न कर म्हणते. हा घरभर ओरडत फिरतो. निकल्सन ओरडतो तेव्हा छपराची कौलं मोजून घ्यावीत. पाच मिनिटांत शेजारचे तात्या बॅटरी घेऊन खळ्यात हजर.

"काय झाला? कोणाची भांडणा?"

"इंग्रजी भांडान असा, तात्यानू."

"इंग्रजी? मगे बसतंय जरा."

आता प्रेक्षक तीन. काकीनं मला बाजूला सारून रतांब्यांनी लाल झालेल्या अंगठ्यानं स्पेसबार दाबला. पिक्चर थांबला. निकल्सनचं तोंड उघडं.

"हिका नोकरी सोडूक कोणी लावल्यान?"

"त्येनाच."

"मगे आता घरात बसता म्हणान बोंबलता कित्याक?" आणि मी उत्तर द्यायच्या आतच, "ह्येका बायल नको. आवस व्हयी. ती पण पगारी."

तात्या छपराकडे बघायला लागले. मीही. त्या घरात छपराकडे बघणारे पुरुष पूर्वीपासून बरेच झाले.

या पिक्चरवर खटला झाला होता, हे सांगायला हवं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावी तो दाखवला म्हणून १९७२ साली थिएटरच्या मॅनेजरला अश्लीलतेखाली दोषी ठरवलं, ७५० डॉलर दंड केला. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींनी पिक्चर स्वतः बघून १९७४ मध्ये मॅनेजरला सोडलं. तशा प्रसंगी कॅमेरा नटांच्या देहांवर रोखलेला नाही, असं निकालात लिहिलंय. ते वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. पकडलो गेलो तर उपयोगी पडेल म्हणून. पडलं नाही. काकीला देहांबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. तिला फिर्याद द्यायची होती ती वेगळ्याच कलमाखाली.

नवव्या रात्री शेवट गाठला. त्यात जोनाथन सँडीला आणि त्याच्या कोवळ्या मैत्रिणीला आपल्या आयुष्यात आलेल्या सगळ्या बायकांचे फोटो पडद्यावर दाखवतो, एकेकीचा उद्धार करत. नेमका तेव्हाच माझा चुलतभाऊ ओटीवरून आत आला. वय चौतीस, स्वतःची कलमं, डोक्यावर कौलारू घर, लग्न नाही. हल्ली मुली मुंबईचा मुलगा मागतात, हे खरं आहे. पण त्याच्या मोबाईलमध्ये स्थळांचे एकेचाळीस फोटो होते आणि तो उभ्याउभ्याच आम्हाला दाखवत सुटला. ही बुटकी. ही जास्त शिकलेली. हिचं नाक बघा. इकडे लॅपटॉपवर जोनाथन, इकडे मोबाईलवर हा. काकी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती.

मग शेवटचा प्रसंग. जोनाथन पैसे देऊन एका बाईकडे जातो. ती त्याच्यासमोर त्याच्या पुरुषार्थाचं ठरलेलं स्तोत्र म्हणते. एक शब्द चुकला की हा भडकतो, पुन्हा म्हणायला लावतो. मी भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात काकी म्हणाली, "गप रव. गाऱ्हाणा घालता ती ह्येका. शब्द चुकलो, म्हणान देव कोपलो."

देवळात गाऱ्हाणं घालताना सगळे म्हणतात तसं तात्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हय महाराजा!"

पडद्यावर नावं आली. काकीनं लॅपटॉप मिटला. त्याच्या स्पेसबारवर अजून एक लाल डाग आहे, स्पिरिटनंही निघत नाही. भाऊ बेचाळिसावा फोटो काढून उभाच होता. "ही बरी दिसता," तो म्हणाला.

"तिका तू आवडलंस काय? ता इचारलंस?"

"इचारूक रेंज खय असा?"

"काजूखाली असा."

साडेदहा वाजले होते. बाहेर मिट्ट काळोख. भाऊ जरा वेळ उभा राहिला, मग तात्यांच्या हातातली बॅटरी घेतली आणि खळं ओलांडून काजूकडे चालू लागला. तात्या घरी जायला उठले, पण बॅटरीशिवाय कसे जाणार? पुन्हा बसले. काकीनं त्यांच्यापुढे परात सरकवली. "बसतास तर रतांबे फोडा."