थ्रीडी प्रिंटरमुळे ओतकाम बंद? खुलासा

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की गाड्यांचे पार्ट आता थेट थ्रीडी प्रिंटरवर निघतात, पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) आणि फाउंड्रीचं (धातू ओतायच्या कारखान्याचं) काम संपलं. तसं नाही. नवी गाडी घडवताना फिटिंग तपासायला मोजके नमुने प्रिंट करतात. हजारोंनी लागणारं हाउसिंग (पार्टचं बाहेरचं कवच) आजही ओतूनच होतं. पीएलए हा प्रिंटरचा नेहमीचा प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, इंजिनाजवळ टिकणार कसा?

नो-बेक (न तापवता रसायनाने घट्ट होणाऱ्या) वाळूसाठी पॅटर्न मात्र प्रिंट करता येतो. बिडाला (ओतीव लोखंडाला) थंड होताना सुमारे १ टक्का आकसण धरा, पॅटर्न तेवढा मोठा ठेवा. थरांच्या रेघा पुट्टी मारून नीट घासा, नाहीतर वाळू अडकते आणि पॅटर्न काढताना साचा तुटतो. शेल कोअरबॉक्सला (पार्टच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवायच्या पेटीला) हा प्लास्टिक चालतच नाही, ती पेटी २०० अंशांवर तापवावी लागते.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.