हळू ओत, सांडेल!

'ज्या भांड्यात ओतावा त्या भांड्याचा आकार जो घेतो, तो द्रव.' हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला ऐकवून बघा. ते क्षणभर गप्प बसतं आणि मग रव्याच्या डब्याकडे बोट दाखवतं. रवाही ओतता येतो. डब्यात डब्यासारखा होतो, बरणीत बरणीसारखा. मग तो द्रव का नाही? आपण ही व्याख्या दोन मार्कांसाठी पाठ केली, तेव्हा रव्याचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: दोन पराती. एकीत वाटीभर रवा ओतायचा, दुसरीत वाटीभर पाणी. रव्याचा ढीग होतो, कारण त्याचे कण एकमेकांना अडून बसतात आणि आपला आकार सोडत नाहीत. पाण्याचा ढीग कितीही आग्रह केला तरी होत नाही. परात किंचित कलती करा. रवा कलून उभा राहतो, पाण्याची वरची बाजू मात्र आडवीच. पराती दोनच हव्यात. एकीत भागवलंत तर पदार्थविज्ञान संपून उपम्याची तयारी सुरू होते.

यानंतरचा धडा भांडणाचा. दोन सारख्या फुलपात्रांत 100-100 मिली पाणी घ्यायचं, 'सारखं आहे ना?' हे कबूल करून घ्यायचं आणि मग एकातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उभट ग्लासात ओतायचं. आता जास्त कशात? ग्लासात! ओतताना पाहिलंय, एक थेंब वाढलेला नाही, तरी ग्लासात. हा हट्ट नव्हे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच नोंदवून ठेवलंय: साधारण सातव्या वर्षापर्यंत मूल उंची बघतं आणि रुंदी विसरतं. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला पटवत बसू नका, पाणी परत फुलपात्रात ओतून दाखवा आणि सोडून द्या. व्यवहारी पालकांनी यातून घ्यायचं ते घ्यावं: सरबत उभ्या ग्लासात, दूध पसरट वाडग्यात.

मोजायला औषधाच्या बाटलीचं टोपण उत्तम, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात. पण मूल वरून डोकावून वाचतं आणि चुकतं. टोपण टेबलावर ठेवून डोळा रेघेच्या पातळीला आणायचा. काचेच्या भांड्यात पाणी कडेला किंचित वर चढलेलं दिसतं, तिथे मधला खोलगट भाग वाचायचा. हे सांगेपर्यंत मुलानं पाणी प्यायलेलं असतं.

आता मुख्य संकट, म्हणजे ओतणं. सगळं घर एका सुरात ओरडतं, 'हळू ओत, सांडेल!' आणि मूल आज्ञाधारकपणे हळू ओततं, म्हणूनच सांडतं. धार संथ असली की पाणी भांड्याचा काठ सोडत नाही. ते काठाला चिकटून वळसा घेतं, भांड्याच्या पोटावरून खाली येतं, तिथून मनगट, मनगटावरून कोपर आणि कोपरावरून सतरंजी. काठ जाड आणि गोल असेल तर हा प्रवास आणखी सुखाचा होतो. इंग्रजीत या प्रकाराला चहाच्या किटलीचं नाव दिलंय. आपल्याकडे मान चहाच्या पातेल्याचा होता, कुणी मागितला नाही. उपाय साधे आहेत. चोचीचं भांडं द्या. ते निम्मंच भरा, कारण काठोकाठ भरलेलं भांडं जरासं कलतं करताच संथ ओघळ सुटतो. काठाला बाहेरून तुपाचं बोट फिरवा, म्हणजे पाण्याला धरायला जागा उरत नाही. आणि 'हळू' म्हणायचं सोडा, 'एका दमात' म्हणा. शेवटचा उपाय सर्वांत अवघड आहे. जीभ ऐकत नाही.

पण माझ्या मते द्रव शिकवताना खरी आडवी येते ती आपली बोली. आपण म्हणतो, मध घट्ट आहे. आमटी घट्ट झाली. तेल पाण्यापेक्षा घट्ट. मुलाच्या डोक्यात घट्ट म्हणजे जड असं पक्कं बसतं, आणि मग थरांचा ग्लास केला की सगळा घोटाळा उघड्यावर येतो.

हा ग्लास करायचा असा. उंच, काचेचा, कोरडा ग्लास. तळाशी 50 मिली मध, अगदी मधोमध ओतायचा. कडेला लागला तर तो ओघळ शेवटपर्यंत दिसत राहतो. त्यावर भांडी घासायचं लिक्विड, तेवढंच. मग रंगवलेलं पाणी, पण चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून, नाहीतर धारेच्या जोरानं ते लिक्विडमध्ये घुसतं आणि नुसता फेस हाती लागतो. शेवटी तेल. चार थर मांडले की प्रश्न येतोच: तेल घट्ट ना, मग वर का बसलं?

इथे शब्द बाजूला ठेवून वजनकाटा काढायचा. 100 मिली पाणी 100 ग्रॅम भरतं, तेवढंच तेल 92 ग्रॅमच्या आसपास आणि मध 140 च्या. म्हणजे तेल हलकं. घट्टपणाची परीक्षा वेगळी, ती शर्यतीची: स्टीलचं ताट भिंतीला टेकवून तिरकं ठेवा आणि वरच्या कडेला पाणी, तेल, मध एकेक चमचा एकदम सोडा. पाणी खाली पोचून वाटच बघत बसतं, तेल मागून येतं, मध अजून निघायचं ठरवतोय. घनता वेगळी, श्यानता वेगळी. हे दोन शब्द मुलाला सांगू नयेत. 'किती जड' आणि 'किती आळशी' एवढं पुरतं.

त्याच ग्लासात वरच्या तेलावर खायच्या रंगाचा एक थेंब सोडा, पाण्यात कालवलेला हवा. तो तेलात मिसळत नाही. लाल मण्यासारखा गोल होऊन हळूहळू खाली येतो, तेल-पाण्याच्या सीमेवर पोचतो आणि तिथे अडतो. काही सेकंद काहीच होत नाही. मग एकाएकी फुटतो आणि पाण्यात लाल धागे सोडत उतरतो. मूल या जागी हमखास शांत बसतं, दिवसातून एकदाच. याचा उलटा प्रयोग मिसळीत तयार मिळतो: तिखटाचा रंग तेलात उतरतो, तेल वर तरंगतं, म्हणून तर्री लाल.

मिरपुडीचा प्रयोग सगळे करतात, म्हणून थोडक्यात. ताटलीत पाणी, वर मिरपूड, मधोमध साबणाचं बोट. मिरी कडेला पळते. साबणानं मध्ये पृष्ठीय ताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची ओढ, कमी होतो आणि कडेचं पाणी आपल्याकडे खेचतं. एका पाण्यात हे एकदाच घडतं. ताटली नीट विसळलेली नसेल तर एकदाही नाही, आणि मग मूल आपल्याकडे ज्या नजरेनं बघतं तिचं मोजमाप अजून निघालेलं नाही.

ज्यांना घर स्वच्छ राहिल्याचं दुःख आहे त्यांच्यासाठी कॉर्नफ्लोअर, म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं 'कॉर्नफ्लॉवर'. पांढरं शुभ्र आणि हातात करकर वाजणारं तेच. पिवळं मक्याचं पीठ आणलंत तर भाकरी होईल, प्रयोग नाही. दोन वाट्या पिठाला एक वाटी पाणी, तेही थोडं थोडं. बुक्की मारली की दगड, मूठ उघडली की ओघळ. धक्का अचानक बसला की दाण्यांमधलं पाणी बाजूला सरकायला वेळ मिळत नाही आणि दाणे एकमेकांत अडकतात. पाणी चमचाभर जास्त झालं तर नुसतं दूध होतं. थोडं पीठ वाढवायचं. संपल्यावर सिंकमध्ये ओतायचं नाही. पीठ पाइपाच्या वळणात बसतं, मग पुढचा धडा प्लंबर घेतो.

आणि ती भोकांची बाटली. प्लास्टिकची बाटली घेऊन मोठ्यांनी दाभण तापवून एकाखाली एक तीन भोकं पाडायची, वरून एकच चिकटपट्टी लावायची, पाणी भरायचं, टोपण उघडं ठेवायचं आणि पट्टी ओढायची. 'खाली दाब जास्त, म्हणून खालची धार सगळ्यांत लांब' असं अनेक पुस्तकांतल्या चित्रात असतं. बाटली मोरीत जमिनीवर ठेवून करून बघा: मधली धार लांब जाते! खालची जोरात सुटते खरी, पण पळायला उंचीच नाही, लगेच फरशी लागते. चित्रासारखं हवं असेल तर बाटली तिच्याच उंचीएवढ्या स्टुलावर चढवा. मला स्वतःला जमिनीवरचाच प्रकार आवडतो. पुस्तकात एक आणि मोरीत भलतंच, हे मुलांना जेवढं आवडतं तेवढं दाबाचं काही आवडत नाही.

एव्हाना फरशी तयार झालेली असते. तेल सांडलं असेल तर आधी त्यावर मूठभर कणीक, मग कागदानं उचलायचं. थेट पाणी घातलंत तर तेल त्यावर चढून घरभर फिरून येतं. नवं कोरं फडकं घेऊ नका, त्यातली खळ पाणी पिऊ देत नाही. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं, ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं घ्या. धाग्यांमधून पाणी चढताना दिसतं, केशाकर्षण फुकटात होऊन जातं. फडकं बादलीत पिळायचं. मूल वाकून बादलीत बघतं, मग फरशीकडे, मग आपल्याकडे, आणि विचारतं, 'हे तेवढंच आहे का?'